याडीची काठी

याडी सरपणाच्या ढिगातलं लाकूड कधी सरळ उचलत नसे. आधी हातातली काठी ढिगावर तीनदा आपटायची आणि दोन पावलं मागे सरून उभी राहायची. "ऊठ बापू, पोट्ट्यायची खिचडी टाकाची हाय," असं ढिगाला सांगायची. आतून कधी सरडा निघे, कधी विंचू. एकदा चांगली दोन हात लांब धामण निघाली. काहीच निघालं नाही तरी ती तेवढीच थांबे. शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि हसलो. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गुरुजी, दुसऱ्याच्या घरी जाता तं कडी वाजवता का नाही?"

उमरखेडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका बंजारा तांड्यावरची ती दोन शिक्षकांची प्राथमिक शाळा. याडी तिथं पोरांची खिचडी शिजवायची. गोर बोलीत याडी म्हणजे आई. तिचं हजेरीतलं नाव वेगळं होतं, पण पहिलीच्या पोरापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे तिला याडीच म्हणत. तिच्या आज्या-पणज्यांचे बैल मीठ आणि धान्य वाहत गावोगाव फिरायचे. आता तांड्यावर प्रत्येकाचं कापसाचं, तुरीचं, सोयाबीनचं शेत होतं, पण काठीची सवय तिच्यात राहिली होती. "आमचे म्हातारे रोज नव्या जागी उतरत," ती सांगायची. "बैलाची पाठ मोकळी कराच्या आधी जागा वाजवून घ्याची. आपल्या आधी तिथं कोनी ना कोनी उतरलंच असन."

मी फुलसावंगीकडच्या शेतकरी घरातला. तीन पिढ्यांची शेती, पण तितर आणि लावा या पाखरांतला फरक मला सांगता येत नव्हता. रानात गेलो तो बहुतेक पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला पुस्तकातलं वाचून दाखवायचो आणि फळ्यावर प्रश्न लिहायचो.

त्या वर्षी वर्गासाठी प्राण्यांचा एक मोठा तक्ता आला. मी तो खिळ्याला टांगला. सिंह, जिराफ, पाणघोडा, पेंग्विन. पोरं तोंडपाठ म्हणू लागली. याडी भांडी घासता घासता दारात येऊन उभी राहिली.

"हा लांब मानेचा कोन्या गावचा हाय?"

"जिराफ आहे, याडी. आफ्रिकेतला."

"मंग याले वळखाले आफ्रिकेची पोट्टी हायत ना. आपल्या पोट्ट्यायले आपल्या नाल्यातलं कोनी वळखू येते का, ते इचारा."

मी चिडून तिसरीच्या वर्गाला विचारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. ओळखत सगळे होते, पण शाळेत सांगायच्या गोष्टींत ते बसतं असं कुणाला वाटलंच नव्हतं. शेवटी रोशनी नावाची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मुंगूस चालते का?"

तिथून पोरांची वही सुरू झाली. नियम याडीचे. डोळ्यानं पाहिलं तेच लिहायचं. धरायचं नाही, घरी आणायचं नाही. दगड उलटवला तर होता तसा परत ठेवायचा. आणि गवतात शिरण्याआधी काठी वाजवायची. महिन्याभरात पोरं सगळीकडेच वाजवू लागली. दप्तरावर, संडासाच्या दारावर, माझ्या टेबलावरसुद्धा. वहीत नोंदी भरत गेल्या: 'रानमांजराचा पाय, नाल्याच्या ओल्या रेतीत.' 'सायाळीचा काटा, एक.' तपासणी झाली त्या दिवशी कुणी तरी लिहिलं होतं, 'एक साहेब दिसले. आवाज: हं, हं.' ते पान मी फाडायला घेतलं. "राहू द्या," याडी म्हणाली, "डोळ्यानं पाह्यलं ना त्यायनं."

ती काही साधुसंत नव्हती. तोंडात सतत तंबाखू. माकडांना अशा शिव्या द्यायची की मी वर्गाचं दार लावून घ्यायचो. एकदा एका पोरानं विचारलं, "याडी, तू तितर खाल्ला हायस का?" मला वाटलं, टाळेल. "खाल्ला तं! चव सांगू का?" पोरं ओरडली, "सांग, सांग." तिनं मीठ-मिरचीसकट सांगितली. मग परातीतले तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लय होते तवा. आता खायाचं सोडा, आयकू बी कवा तरीच येते. म्या बी त्यातले कमी केलेच ना रे." एवढ्या सरळ शब्दांत स्वतःचा वाटा कबूल करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला ते जमायला इतकी वर्षं लागली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मागच्या बरडावर, मुरमाच्या उजाड तुकड्यावर, रोशनीला टिटवीची अंडी सापडली. टिटवी घरटं बांधत नाही. मुरमाड जमिनीत खळगा करते आणि खड्यांच्या रंगाची चार अंडी उघड्यावर घालते. आमच्याकडे डवऱ्यापुढे, म्हणजे कोळप्यापुढे, अशी अंडी आली तर जुने शेतकरी तेवढी जागा सोडून पुढे जात. याडीनं पोरांकडून दहा पावलांवर दगडांचं कडं मांडून घेतलं. त्याच्या आत कुणी जायचं नाही. रोज एकानं लांबून पाहायचं आणि वहीत लिहायचं: बसली, उठली, ओरडली. "महिनाभर धीर धरा," ती म्हणाली. "टिटवीचं पिल्लू कोंबडीवानी असते. निंघालं का त्याच दिवशी चालाले लागते. मंग त्याची काळजी नाही."

दोन आठवडे गेले. मीसुद्धा सकाळी मोटारसायकल लावली की आधी बरडाकडे बघू लागलो होतो.

मग वृक्षलागवडीचं पत्र आलं. पाहुणे येणार, खड्डे तयार हवेत, फोटो त्याच दिवशी वर टाकायचे. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून जबाबदारी माझ्याकडे. झाडं लावायला शाळेच्या मालकीची मोकळी जागा एकच होती: ते बरड. कागदावर तिचं नाव 'पडीक'. रोशनीनं विचारलं, "सर, ती जागा सोडाल ना?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "सोडतो. शब्द देतो." संध्याकाळी चुन्याची फक्की घेऊन मी स्वतः खड्ड्यांच्या खुणा मारल्या. दगडांच्या कड्याला चांगला वळसा घालून मारल्या.

सकाळी विस्तार अधिकारी आले. खुणा पाहून थबकले.

"हे वाकडं काहून मारलं गुरुजी?"

"साहेब, तिथं टिटवीची अंडी आहेत. दहा-पंधरा दिवसांत पिलं निघतील."

"म्हणजे आता पाखरायले इचारून कार्यक्रम ठेवाचे काय?" ते हसले. त्यांच्यासोबतचे दोघे हसले.

मीही हसलो. पुढे जे घडलं त्याला कारणं देता येतात: वरचा हुकूम होता, वेळ नव्हता, पाहुणे वाटेत होते. त्या हसण्याला कारण नाही. मला कुणी हस म्हटलं नव्हतं.

"फोटोत रांग सरळ दिसली पाहिजे," साहेब म्हणाले. मी बुटानं फक्कीचा वळसा पुसला आणि सरळ रेघ ओढली. ती दगडांच्या कड्यातून गेली. खड्डे खणायला आलेल्या जेसीबीवाल्यानं विचारलं, "गुरुजी, इकडून मारू?" मी म्हणालो, "मार."

पोरांना मी वर्गात बसवून ठेवलं होतं. जेसीबीचा आवाज आला तशी ती बाहेर पळत आली. प्रत्येकाच्या हातात जेवायची थाळी होती. बरडाच्या काठावर उभी राहून ती थाळ्या बडवू लागली. याडी त्यांच्या मध्ये उभी राहून काठीनं रिकामं पातेलं वाजवत होती. एवढ्या मोठ्या घरात शिरताना कडीही तेवढीच मोठी वाजवायला हवी, हे पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. गवतातून ससा निघाला, दोन तितर फडफडून उडाले, एक घोरपड नाल्याकडे सरकली. नेमक्या त्याच वेळी पाहुण्यांची गाडी फाटकात आली.

"वा, वा! काय स्वागत आहे!" उतरता उतरता पाहुणे म्हणाले आणि पोरांकडे बघून टाळ्या वाजवू लागले. मोबाइल निघाले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून किंचाळत होती. एक पाहुणा म्हणाला, "शाळेचा परिसर फारच निसर्गरम्य आहे हो." मी "हो साहेब" म्हणालो. रोशनी थाळी बडवत रडत होती आणि फोटो काढणारा तिला सांगत होता, "बेटा, जरा हस ना."

कार्यक्रम संपल्यावर मी स्वयंपाकखोलीशी गेलो. काही तरी बोलायला हवं होतं. "याडी, बाकी सगळे निघून तर गेले. तितर गेला, ससा गेला."

ती चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंड्याले पाय असते का, साहेब?"

साहेब. आधी मला वाटलं रागानं म्हणाली, दोन दिवसांत निवळेल. पण मी त्या शाळेत आणखी तीन वर्षं होतो आणि तिनं मला परत कधी गुरुजी म्हटलं नाही. बोलायची नीट. चहा द्यायची, पोरांचं दुखलंखुपलं सांगायची. "साहेब, मीठ सरलं." "साहेब, उद्या मी नाही." वहीत मी कुणासारखा नोंदला गेलो होतो ते मला कळत होतं. त्या दिवसानंतर वही थांबली. मी एकदा पोरांना म्हटलं, चला, परत सुरू करू. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी सुरूही केली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पोरांचा फोटो आला होता, खाली 'विद्यार्थ्यांकडून थाळीनादाने स्वागत'. ते कात्रण मी फाइलला लावलं. रोपांपैकी निम्मी दिवाळीपर्यंत बकऱ्यांनी खाल्ली, उरलेली उन्हाळ्यात वाळली. त्या मुरमात झाड टिकत नाही हे तांड्यावरच्या कोणत्याही माणसानं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावली, पुन्हा फोटो काढले. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात. पण खड्ड्यांच्या रेघा मीच मारल्या होत्या, तेव्हा हा राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

पुढे शाळेत गॅस आला आणि सरपणाचा ढीग गेला. माझी शेवटची आठवण आहे ती बदली झाली त्या दिवसाची. मी निरोप घ्यायला गेलो, तर याडी सिलिंडरवर काठी वाजवत होती. पोरं हसत होती. मी पाया पडायला वाकलो. "सुखी राहा साहेब," ती म्हणाली आणि काडी ओढली.

गेल्या वर्षी रोशनीचा फोन आला. ती आता यवतमाळला नर्सिंग शिकते. "सर, याडी गेली." मग मी विचारू नये ते विचारलं, "माझं कधी काही नाव काढायची का गं?" रोशनीनं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. "नाही सर," ती म्हणाली. "कधीच नाही."

आता मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुकुटबनच्या बाजूच्या एका शाळेत आहे. इथल्या मैदानाच्या कडेलाही बरड आहे. यंदा तिथं टिटवी बसली आणि यंदाही पत्र आलं. मी कार्यक्रम घेतला नाही. पोरांना दगडांचं कडं मांडायला लावलं आणि वही दिली. एका सकाळी खळगा रिकामा दिसला. पोरं घाबरली, आणि तेवढ्यात मुरमाच्या रंगाचं काही तरी तुरुतुरु पळालं. मग आणखी एक, मागोमाग उरलेली दोन. पोरं नाचली. मला आनंद झाला, पण ही चार त्या चारांच्या जागी मांडता येत नाहीत.

कार्यक्रम मुदतीत का घेतला नाही याचा खुलासा माझ्याकडे मागितला गेला. तीन कागद फाडले. चौथ्यावर एकच वाक्य लिहिलं, सही केली आणि नेऊन दिला. कार्यालयातल्या बाबूनं तो उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्यानं वाचला: "'अंड्यांना पाय नसतात.' हे काय हो सर? इथं कारण लिहा ना."

"तेच लिहिलं आहे," मी म्हणालो.