त्याच्या आईला कळलं होतं का?

सहारच्या विमानतळावर इतरांचे आईबाप रडत होते, माझे पप्पा सूचना देत होते. पासपोर्ट जप, पाणी उकळून पी, आणि हे ठेव. ‘हे’ म्हणजे वहीतून फाडलेलं पान, त्यावर एका माणसाचं पूर्ण नाव आणि आयर्लंडमधलं त्याचं गाव. “तिकडे हॉस्पिटलात गोऱ्या नर्सेस असतात. त्या बाजूची कोणी भेटली तर विचार, त्याच्या आईला कळलं होतं का.” मी चिडले. मी लॅब टेक्निशियन म्हणून कतारला चालले होते आणि पप्पांना जग म्हणजे आगाशीचा बाजार वाटत होता, कोणी ना कोणी ओळखीचं भेटणारच. तशीच तणतणत ट्रॉली ढकलत आत गेले. मागे वळून पाहिलं नाही, ते अजून लागून राहिलंय.

‘तो’ म्हणजे पप्पांचे आजोबा, मायकल. विशीत आयर्लंडहून आला, इगतपुरीत रेल्वेचं इंजिन चालवू लागला आणि तिथल्याच एका मराठी ख्रिस्ती मुलीशी लग्न करून मोकळा झाला. लग्नानंतर त्यानं घरी पत्र लिहिणंच सोडलं. लाज की राग, त्याचं त्यालाच ठाऊक. म्हातारपणी मात्र नातवाला मांडीवर घेऊन मोडक्या मराठीत म्हणायचा, “आईला कळवायला पाहिजे होतं.” इगतपुरीतच त्याला पुरलं. त्याच्याकडचं कोणी कधी येणार नाही, म्हणून पप्पा दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी वसईहून जाऊन तिथे मेणबत्ती लावत.

दोहात तेव्हा चर्च नव्हतं. शुक्रवारी एका हॉलमध्ये मिस्सा व्हायची आणि आपल्या बोलण्याला भुकेलेली वसईची माणसं मिस्सा संपली तरी जागची हलत नसत. तिथेच रॉबर्ट भेटला, तोही आमच्याकडचाच. लग्न केलं, अल अझीझियात छोटा फ्लॅट घेतला, यल्ला-खलास असलं अरबी तोंडात बसलं. पप्पा दर फोनला त्या कागदाची चौकशी करायचे. मी “इन्शाल्ला” म्हणायचे, ते हसायचे.

आणि एक दिवस खरंच भेटली. नोरा, रक्ताचे नमुने घेऊन लॅबला येणारी आयरिश नर्स. कागद वाचून म्हणाली, हे तर माझ्या मावशीच्या शेजारचं गाव! सुट्टीवर गेली तेव्हा तिथली दफनभूमी पाहून आली. मला तेव्हा नववा महिना लागला होता. कॅन्टीनमध्ये तिनं मला नीट बसवून सांगितलं. घरच्यांच्या कबरीच्या दगडावर मायकलचंही नाव कोरलेलं आहे, समुद्रात बुडाला म्हणून. पत्रं थांबली तसं त्याच्या आईनं त्याला मेला असं धरलं होतं, त्याच्या नावानं मिस्सा ठेवल्याची नोंदही तिथल्या चर्चच्या जुन्या वहीत होती. आणि हा त्या वेळी इगतपुरीत बायकोपोरांबरोबर बसून जेवत होता.

हे पप्पांना सांगायला जीभ रेटेना. शुक्रवारी फोन केला तर आई म्हणाली, “पप्पा झोपलेत गं बाय.” म्हटलं, मग तूच सांग त्यांना, त्याच्या आईला कळलं होतं. मुलगा सुखरूप आहे हे ठाऊक होतं तिला. आई म्हणाली, “सांगते हं.” पुढच्या फोनला विचारलं तेव्हा म्हणाली, “सांगितलं. बरं वाटलं असेल त्यांना.”

मुलगी झाली. ती दहा दिवसांची असताना रॉबर्टनं मला सांगितलं की पप्पा गेले, पाच आठवड्यांपूर्वी, हार्ट अटॅकनं. मला त्या अवस्थेत विमानात घेतलं नसतं, म्हणून सगळ्यांनी मिळून लपवायचं ठरवलं होतं. मिस्सेला येणाऱ्या बायका माझा हात एवढा वेळ का धरून ठेवत होत्या, ते तेव्हा कळलं. मला आपलं वाटत होतं, पोटुशीचं कौतुक चाललंय! मी रॉबर्टला वाटेल ते बोलले, हातातली बशी फोडली, मग बाळ रडायला लागलं म्हणून थांबले.

मायकलच्या आईनं जिवंत पोराला मेला म्हणून रडून घेतलं. माझ्या माणसांनी मेलेल्या पप्पांना माझ्यासाठी पाच आठवडे जिवंत ठेवलं. दोन्हीकडे दोष दूर गेलेल्याचाच.

तीन महिन्यांनी वसईला गेले. भांडायचंच ठरवून गेले होते. “सांगितलं म्हणालीस, ते कोणाला सांगितलंस?”

“खोटं नाही गं बोलले,” आई म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी कबरीवर गेले आणि सांगितलं. चांगलं मोठ्यानं सांगितलं. बायका बघत होत्या.”

मी परत दोहाला आले, अजून इथेच आहे. मुलगी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडे आलेल्यांनो, तुझं घर कुठलं असं मला विचारू नका. जिथली माणसं माझ्या काळजीपोटी माझ्याशी खोटं बोलतात आणि मीही त्यांच्याशी, ते घर, एवढंच मला कळलंय. माझा निरोप खोटा होता हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. ती दर रविवारी कबरीवर जाऊन येते आणि फोनवर मला म्हणते, “तुझ्या त्या निरोपानं शांत झोपलेत गं ते.”