तळातली आमसुलं

गाव सोडलं त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर अर्धी वाडी रडायला आली होती. वर्षभर माझ्या तोंडाळपणावरून नावं ठेवणाऱ्या त्याच बायका. त्यांचं ते हुंदके देणं बघून मी तोंड फिरवलं. रडली नाही ती एकटी आई. तिने आमसुलांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हात घाल. तळापर्यंत घाल."

आई आमसुलं विकायची. गिऱ्हाईक आलं की वरची दाखवायची नाही. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर काढायची आणि समोरच्याच्या हातावर ठेवायची. तिची दुसरी जाहिरात नव्हती.

आमचे हे सिल्वासाजवळ अथालच्या शाळेत मास्तर लागले आणि आम्ही सिल्वासात आलो. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, घरात आपली मराठी, आणि संध्याकाळी सगळीकडे मोहाच्या दारूचा वास. मला काही आवडलं नाही. गाव आठवून उसासे टाकावेत असंही काही वाटलं नाही. तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे मुंबईला, आखातात गेलात, सगळे लग्नकार्यात तेच विचारता, मावशी, गावाची ओढ कशी नाही तुला? म्हणून एकदाच लिहिते.

ह्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. आयात-निर्यातीचा. फळ्यावर वर 'कॉलेज' लिहायचे. मराठी किंवा गुजराती वाचता येणाऱ्या कुणालाही प्रवेश होता. ह्यांनी नाव घातलं, मी चौथी पास, मीही घातलं. हे म्हणाले, "अगं, तिथे तू काय करणार?" मी म्हटलं, "तुम्ही काय करणार तेच."

मला तो वर्ग फार आवडला, हे खरं सांगते. इन्व्हॉइस, बोटीची पावती, बँकेची हमी, सगळं समजत होतं. शिकवणारे सर मुंबईच्या एका निर्यात पेढीतले. सरावासाठी खरा माल परदेशी पाठवायचा असं त्यांनी ठरवलं. मी माझी आमसुलं पुढे केली. आफ्रिकेत दुकान असलेल्या दमणच्या एका किराणावाल्याला नमुना गेला आणि पेटीभर मालाची ऑर्डर आली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची इथे शाखा उघडली की पहिली नोकरी वहिनींना." त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. स्वतःची खुर्ची, स्वतःचं टेबल. आमच्या वाडीत कुठल्या बाईला होतं?

मी भावाकडून रातांब्याची सोलं, म्हणजे कोकमाच्या फळाची सालं, मागवली. आमसुलाला रसाची पुटं द्यावी लागतात, रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, दर पुटाला कडक ऊन लागतं. निम्मी झाली आणि आभाळ भरून आलं. मी सरांना सांगितलं, बाकीचा माल पुढच्या उन्हाळ्यात. ते हसले. "वहिनी, बोट थांबत नसते."

पेटी बंद करायच्या दिवशी हॉलमध्ये गेले. वर माझी आमसुलं, लालभडक, मऊ. मी सवयीने तळापर्यंत हात घातला. हाताला चिकट, गार गिळगिळीत काहीतरी लागलं. बाजारातली जुनी काळी आमसुलं मिठाच्या पाण्यात भिजवून, रंग लावून खाली भरली होती. मी मूठभर वर काढून सरांसमोर धरली. बोटं लाल झाली ती दोन दिवस निघाली नाहीत.

"हे काय आहे?"

"ए तो धंधो छे, भाभी," मागच्या बाकावरच्या मणीबेन म्हणाल्या. "तमे पण शुं!" म्हणजे, हा तर धंदा आहे, तुम्ही पण काय!

सरांनी कागद पुढे केला. "माल बनवणाऱ्याची सही. इथे."

"ही मी बनवलेली नाहीत."

"वरची तर आहेत ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारा माणूस. हे हळूच म्हणाले, "अगं, नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या." मी लाल हात ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला आणि बाहेर पडले. सही ह्यांनी केली.

आता तुम्हाला वाटेल, किराणावाल्याने माल परत पाठवला असेल. नाही. दुसरी ऑर्डर आली. सर ती वर्गात वाचून दाखवायचे. ह्यांना प्रमाणपत्र मिळालं, ते चौकटीत घालून भिंतीवर लागलं. नोकरी मणीबेनच्या जावयाला गेली.

तरी मी म्हटलं, मी माझी घरून विकीन. आई तोवर गेली होती. पुढच्या उन्हाळ्यात भावाला तयार आमसुलं पाठवायला सांगितलं. वापीच्या स्टेशनवर पार्सल आलं. उघडलं, हात घातला. वर कोरडी, खाली तेच गिळगिळीत. मग कळलं, ह्यांनीच त्याला पत्रातून युक्ती कळवली होती. आईच्या अंगणात, आईच्या डब्यात भावाने ते भरलं होतं. मी ते पार्सल दमणगंगेत नेऊन ओतलं आणि गावाला जाणं त्या दिवशी संपलं. म्हणून ओढ नाही. कशाची असणार?

मग मागच्या परसात मी रातांब्याची रोपं लावली. वाढायला फार वर्षं घेतात. त्यातली दोन झाडं नर निघाली, फळ नाही, नुसती ऐटीत उभी. ह्यांना मी म्हणायचे, तुमची आहेत, पाणी तुम्ही घाला. निमूटपणे घालायचे. बाकीच्या झाडांच्या सोलांना अजून मे महिन्यात मी पुटं देते.

परवा जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आमसुलं घ्यायला आली. खान्देशातली, नवीनच आलेली. वरवर बघून म्हणाली, "चांगली दिसतात, आजी." मी बरणी तिच्यासमोर सरकवली.

"दिसण्याचं राहू दे. हात घाल. तळापर्यंत घाल."

तिने घातला. तळातलीही वरच्यासारखीच निघाली. माझं घर ते, त्या बरणीच्या तळाशी. दुसरं असल्यास मला माहीत नाही.