हिला घाबरवणार नाही ते ठेव

या शहरात माझ्यासाठी कोणी काही केलं असेल, तर ते काचीगुड्याच्या माईंनी केलं. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे लिहायचं आहे ते कडू आहे, आणि त्या कडवटपणात त्यांचं नाव मागे पडायला नको.

माई कुठलंही यंत्र त्याच्याकडे न बघता चालवायच्या. मिक्सर असो, मोबाईल असो, टीव्हीचा रिमोट असो, डोळे माणसाकडे आणि बोटं बटणांवर. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. मी देगलूरकडच्या खेड्यातली, आठवी अर्धवट सोडलेली. नवऱ्याला गौलीगुड्याच्या बाजारात हमालीचं काम लागलं म्हणून इकडे आले आणि माईंकडे स्वयंपाकाला लागले. मला तर इस्त्री लावतानाही छातीत धडधडायचं. माई म्हणायच्या, "बटण चावत नाही गं मंगल. माणसं चावतात." तेव्हा मी हसायची.

त्यांचं मराठी इथलं होतं. 'हौ', 'नक्को', 'कायको परेशान होतीस' असं इथल्या हिंदीतलं सगळं त्यात मिसळलेलं. त्यांची पुण्याची सून ते ऐकून ओठ दाबून हसायची. माईंना ते कळायचं. मग त्या मुद्दाम आणखी दोन 'कायको' घालायच्या.

त्यांची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या आधी थोडी आणि नंतर थोडी जागा ठेवायची. गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसायच्या, आणि कोणाला पोचवायला गेल्या तर गाडी नजरेआड झाल्यावरही फलाटावर उभ्या राहायच्या. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, ट्रंक कॉल जोडून दिला की लगेच कान काढून घ्यायचा नसतो. दोन्हीकडचा हॅलो ऐकू आला, मगच आपण बाजूला व्हायचं. मध्येच तुटलं तर माणूस रिकाम्या तारेशी बोलत बसतो.

माझा दहावीचा विषय त्यांनीच काढला. नामपल्लीच्या एका दवाखान्यात वॉर्डात मदतनीस हव्या होत्या. मी विचारायला गेले तर दहावी पास पाहिजे म्हणाले. हे मी भाजी निवडता निवडता सहज सांगितलं. आठवड्याभरात घरबसल्या दहावी करायची सगळी माहिती माईंनी काढली. टीव्हीवर एका शिक्षणाच्या चॅनेलवर रोज सकाळी अकराला हिंदीतून धडे लागतात, हेही शोधलं. अडचण एकच होती. अकराला मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या घरी भांडी घासत असायची.

माईंचा मुलगा निखिलसाहेब गच्चीबावलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आई एकटी असते, तिचा वेळ जावा, म्हणून त्यांनी नवा मोठा टीव्ही आणि त्याच्यामागे एक छोटा कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं होतं. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची वायर त्या डब्यात येणार, आणि आपण सांगू तो कार्यक्रम तो डबा आपोआप साठवून ठेवणार. आता त्यात कोणतं सॉफ्टवेअर घालायचं यावर एका रविवारी बैठक बसली. मी चहा द्यायला गेले, तर माई म्हणाल्या, "बस. तुझ्याशिवाय हे ठरत नाही."

साहेबांनी तीन प्रकार दाखवले. पहिलं दिसायला फार देखणं. चित्रंच चित्रं, पण सगळं इंग्रजीत, आणि आमच्या छत्रीवरच्या चॅनेलांचं वेळापत्रक त्यात येतच नव्हतं. दुसरं साहेबांच्या आवडीचं. त्याचे दरमहा पैसे भरायचे, आणि घरात टीव्ही कधी लागला, काय लागलं, ते त्यांना तिकडे फोनवर दिसणार. तिसरं अगदी साधं, करड्या रंगाचं. चॅनेलचा नंबर द्यायचा, वार द्यायचा, कधीपासून कधीपर्यंत ते द्यायचं, की लाल ठिपका येतो. साठवलेलं सगळं घरातल्याच डब्यात राहतं.

माईंनी रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "उद्या अकराचा धडा धरून दाखव. मी बोलणार नाही." आणि खरंच बोलल्या नाहीत. वहिनी, म्हणजे माईंची सून, मोबाईलमध्ये बघत होत्या. पहिल्यात मी कुठेतरी आतच शिरले आणि बाहेर येता येईना. दुसऱ्याने माझा पासवर्ड मागितला. मी रिमोट मांडीवर ठेवून तोंड फिरवलं. तिसऱ्यात चुकले, परत फिरले, पुन्हा चुकले, आणि शेवटी तो लाल ठिपका आला.

साहेब म्हणाले, "अगं आई, हे फार जुनाट आहे. आणि वापरणार तू आहेस."

"वापरणार ही आहे," माई म्हणाल्या. "हिला घाबरवणार नाही ते ठेव."

"दुसऱ्यात मला तिकडून लक्ष तरी ठेवता येईल."

"लक्ष ठेवायचं तर ये ना घरी. कोण नक्को म्हणतंय?"

तिसरं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. मी सोमवार सकाळच्याऐवजी रविवार रात्रीचे अकरा दिले होते, आणि मधली रात्र त्या डब्याने इमानाने साठवली होती. एक माणूस ओरडून ओरडून कुकर विकत होता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. माईंनी तो कुकर शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "कुकर चांगला आहे. पण दहावीला येत नाही." मग रिमोट परत माझ्याच हातात.

पुढे जमलं. धड्याच्या वेळेला त्या आधी थोडी मिनिटं आणि नंतर थोडी मिनिटं जोडायला लावायच्या. सरकारी घड्याळ आणि आपलं घड्याळ यांचं कधी पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारी मी तांदूळ निवडत धडा बघायची. समजलं नाही की थांबवायची, मागे न्यायची. शाळेत असताना बाईंना मागे नेता येत नव्हतं. तिथेच तर माझी शाळा सुटली. माई शेजारी पेपर वाचत बसायच्या. हिंदीतला एखादा शब्द अडला तर पेपरमागूनच मराठीत सांगायच्या. मराठी, हिंदी, सामाजिक विज्ञान आणि गृहविज्ञान असे चार विषय माझे पास होऊन सुटले. उरलेल्या गणिताचे सगळे धडे डब्यात धरून ठेवले होते, पुढच्या परीक्षेसाठी.

मग माई पडल्या. तेव्हा दुसऱ्या घरचं काम सुटलेलं होतं आणि सकाळभर मी माईंकडेच असायची. मी स्वयंपाकघरात फोडणी देत होते. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धावले तर माई जमिनीवर, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजाऱ्यांना हाका मारल्या, ऑटो आणली, डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि बोलणं मात्र गेलं.

घरी आणल्यावर साहेबांनी डबा उघडून बघितला. आई पडली त्या वेळेचा धडा त्यात साठवलेला होता. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आई पडल्या तेव्हा इथे टीव्ही चालू होता."

मी सांगितलं, टीव्ही बंद होता. यंत्र आपोआप धरतं.

"दुपारी रोज बघतेस ना पण?"

"बघते. माईंनीच सांगितलंय."

"माई आता काही सांगू शकत नाहीत, म्हणून बरं जमतंय तुला."

मी साहेबांकडे बघितलं. यंत्र आपोआप धरतं, टीव्ही बंद असला तरी धरतं, हे मला त्या रविवारी त्यांनीच समजावून सांगितलं होतं. त्यांना माहीत होतं. त्या महिन्यात माईंना चक्कर येते म्हणून मी त्यांना दोनदा फोन केला होता आणि त्यांनी पुढच्या रविवारी बघू म्हटलं होतं, हेही त्यांना माहीत होतं. कोणाच्या तरी माथ्यावर ते पडणं जायला हवं होतं. साहेब त्या डब्याच्या वायरींकडे बघत राहिले. माई पलंगावरून आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी डावा हात उचलून, रिमोटचं बटण दाबावं तसा अंगठा हवेत दाबला, पुन्हा दाबला. वहिनी म्हणाल्या, त्यांना टीव्ही हवाय वाटतं, आणि टीव्ही लावून दिला.

मला त्याच दिवशी काढलं. सामान घ्यायला गेले तेव्हा साहेब डब्यात त्यांच्या आवडीचं सॉफ्टवेअर घालत होते. जुनं सगळं पुसलं होतं. मी गणिताचं विचारलं. ते मान वर न करता म्हणाले, "ते सगळं ऑनलाइन मिळतं आजकाल." मिळत असेल. माझ्या फोनची काच फुटलेली आहे आणि त्यात एक धडाही पुरता चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणसं चावतात हे आता मला कळलं होतं.

आता मी गौलीगुड्याजवळ मुलींच्या एका हॉस्टेलात पोळ्या करते. माईंना साहेबांनी गच्चीबावलीला उंच बिल्डिंगमध्ये नेलं. एकदा मी गेले. गेटवरच्या माणसाने वर फोन लावला, बराच वेळ लावून धरला, शेवटी मला आत सोडलं. वहिनींनी पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत.

माई खुर्चीत होत्या. समोर तोच टीव्ही, त्यावर साहेबांच्या सॉफ्टवेअरची चित्रं आपोआप सरकत होती. मला बघून त्यांचा डावा डोळा भरला. रिमोट टेबलावर होता. मी तो त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. रिमोटकडे बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी तो मांडीवर सोडून दिला, तोंड फिरवून घेतलं. तो चेहरा मी ओळखला. त्या रविवारी पासवर्ड मागितल्यावर तो माझा होता. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, त्यांची झोपायची वेळ झाली. मी बाहेर आले आणि मागे घराचं दार मिटल्यावरही तिथेच उभी राहिले. आतून काही आवाज येतो का, ऐकत.

माई, तुमच्या उपकाराची फेड माझ्याकडून कधी होईल, ठाऊक नाही. गणित सुटायचं आहे. ते सुटलं, दवाखान्यात काम लागलं, की एक टीव्ही घेणार आहे आणि तसाच एक डबा. त्यात ते करड्या रंगाचं साधंच घालून मागणार आहे. मग तुम्हाला ऑटोत घालून माझ्या खोलीवर आणीन. कोणाला विचारायचं ते विचारीन, किती वेळा गेटवर उभं राहावं लागलं तरी राहीन. रिमोट तुमच्या डाव्या हातात देईन आणि शेजारी तांदूळ निवडत बसेन. बोलणार नाही. तुम्ही चुकाल, परत फिराल, पुन्हा चुकाल. सकाळच्या जागी रात्र धरली गेली, तर तो कुकर आपण दोघी शेवटपर्यंत बघू.