अण्णासोंचं पोट आणि धैर्यशीलची म्हैस

राजारामपुरीतल्या अण्णासो मगदुमांचा संशय त्यांच्याही आधी उठतो, अशी गल्लीत बोलवा आहे. पाहुणा आला तर 'कशाला आला असंल', नाही आला तर 'का आला नसंल'. एका मंगळवारी त्यांचं पोट बिघडलं आणि संशय थेट जाऊन बसला धैर्यशीलच्या म्हशीवर. धैर्यशील दूधकट्ट्यावर, बाकीच्या गवळ्यांच्या रांगेत, म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत ग्लासात धार काढून देतो. आदल्या सकाळी अण्णासो तिथंच दूध प्याले होते.

"दूध प्यालो आणि पोट गेलं. आणखी काय पुरावा पायजे?"

"अण्णा, समोर धार काढतोय की तो. भेसळ करणार कवा?" लेक रूपालीनं विचारलं.

"तेच की. एवढं समोर करतोय म्हंजे लपवायला कायतरी हाय."

अण्णासो हे जाईल तिथं सांगत सुटले. आठवड्याभरात धैर्यशीलभोवतीची गर्दी पांगली. बिचाऱ्याचं घर त्या एका म्हशीवर. इकडं अण्णासो छाती फुगवून घरी आले. "आता शेजारची झुंबरबाईबी तेच म्हणतीया. सगळी गल्ली खोटी व्हय?"

रूपालीनं पायात चप्पल सरकवली, चार घरं फिरून आली. "झुंबरबाईला सलूनवाल्यानं सांगितलं. सलूनवाल्याला तुम्ही."

अण्णासोंनी टोपी काढून झटकली.

"आणि त्या सोमवारी वाडीच्या लग्नात काय खाल्लासा?"

अण्णासोंचं घर जैनाचं. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, म्हणून दिवस बुडायच्या आत अण्णासोंनी बासुंदीच्या वाट्यांवर वाट्या घाईघाईनं रिचवल्या होत्या.

"धर्म पाळला," ते पुटपुटले.

"धर्माला काय झालं न्हाय, पोटाला झालं."

दुसऱ्या सकाळी अण्णासो कट्ट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर ग्लास मागितला. धैर्यशीलनं मान वर न करता धार काढली. मागनं कुणीतरी म्हणालं, "काय ओ अण्णासो, म्हशीत वाटा घेतलासा काय?"

कालपर्यंत असा संशय अण्णासोंनीच घेतला असता. त्यांनी ग्लास रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला.

"मी लबाड आसीन. म्हणून दूध वाईट व्हतंय व्हय? माझ्याकडं काय बघतासा, म्हशीकडं बघा. पोट बासुंदीनं गेलतं."

झुंबरबाईनं आधी अण्णासोंच्या रिकाम्या ग्लासाचा तळ बघितला, मग त्यांचं तोंड, आणि आपला ग्लास धैर्यशीलपुढं धरला. तिच्यामागं आणखी दोघं सरकले. बाकीचे अजून अण्णासोंकडंच बघत होते.