शिवकांताबाईंचं जुनं मशीन

मुरुमच्या बाजारपेठेत शिवकांताबाईंना सगळे टायपिंगवाल्या बाई म्हणूनच ओळखत. नवरा गेला तेव्हा त्या तिशीतल्या. टायपिंग शिकून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं, मग कॉम्प्युटर घेतला. अर्ज, लग्नपत्रिका, ज्याला जशी हवी तशी, मराठीत किंवा कानडीत. त्यावरच मुलगा शिकला.

त्या मुलाची जवळच्या उमरग्याला बदली झाली आणि सून हर्षाली घरूनच कंपनीचं काम करायला मुरुमात आली. तिच्यासाठी वायफाय बसवलं. तिचा लॅपटॉप, मोबाइल झटक्यात जोडले गेले. शिवकांताबाईंनाही हुरूप आला. गिऱ्हाइकं हल्ली मजकुराचा फोटो मोबाइलवर पाठवायची. तो पेनड्राइव्हनं कॉम्प्युटरवर नेता नेता बाई मेटाकुटीला यायच्या. म्हणून त्यांनी वायफायचा छोटा डोंगल आणून आपल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला. पण जोडणी काही होईना. वायफायवर चालणाऱ्या प्रिंटरचंही तेच; हर्षाली आपले कागद बाहेरून छापून आणायची.

वायफाय बसवणारा येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, हे डबडं आता मोडीत घाला."

मोडीत घालणं बाईंना शक्यच नव्हतं. त्यांचे कानडी अक्षरांचे फॉन्ट नव्या मशीनवर चालत नव्हते. शिवाय गल्लीतल्या शरणम्माच्या नातीच्या लग्नाच्या पत्रिका दोन दिवसांत द्यायच्या होत्या, अन् निम्मे पाहुणे कर्नाटकातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा पडद्यासमोर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि हाक मारली, "हर्षाली, इकडं ये बरं. ह्या यादीत शेजाऱ्यांचं वायफाय दिसतंय. समोरच्या मेडिकलचं बी दिसतंय. फकस्त आपलंच दिसंना."

"मग, आत्या?"

"मग डोंगल आंधळा न्हाय. आपल्याच राउटरमधी कायतरी खोट हाय."

हर्षालीनं लॅपटॉपवर राउटरची सेटिंग उघडली आणि हसायलाच लागली. राउटर दोन तऱ्हांनी सिग्नल सोडायचा, एक वेगवान, दुसरा संथ. जुन्या यंत्रांना आणि साध्या डोंगलला कळणारा संथ सिग्नल बसवणाऱ्यानं बंदच ठेवलेला.

"आत्या, तुम्ही बरोबर धरलंत!"

तिनं तो चालू केला. घरातलं नेट मिनिटभर गेलं. बाईंनी पदर मुठीत आवळला. मग यादीत घरचं नाव उमटलं. पासवर्ड बाईंनी स्वतःच टाकला, बोटांकडं न बघता. जुळलं! प्रिंटरनं मात्र अर्धा तास खाल्ला. त्याच्या इवल्या बटणांवर दोनदा पासवर्डची अक्षरं चुकली.

हर्षालीनं सगळ्या मशीनना दिसेल असा एक फोल्डर केला आणि शरणम्माच्या कागदाचा फोटो त्यात टाकला. तो थेट बाईंच्या पडद्यावर उघडला.

दुपारी पहिली पत्रिका छापून बाहेर आली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. शिवकांताबाईंनी ती उजेडाला धरून वाचली, काना-मात्रा तपासली आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

"हुश्श! चहा टाक गं," त्या म्हणाल्या, "आन् तुझे हापिसचे कागद छापायचे असले तर ह्याच्यावरच धाड. बाहेर कशाला जातीस?"