एकट्या पेल्याचं बोलावणं

पोतोसीच्या चांदीच्या खाणींकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात पास्कुआलाची चिचा सगळ्यांना हवी असायची आणि तिची जीभ कुणालाच नको असायची. मका आंबवून ही दारू गाळता गाळता तिचे केस पिकले होते. गावचा मुखिया हेरोनिमो शेंबडा होता तेव्हापासून ती त्याला पाहत आली होती. आता तो स्पॅनिश सरदारांसारखा ‘डॉन’ हेरोनिमो होता. रेशमी मोजे घालायचा, कमरेला तलवार लटकवायचा आणि स्पॅनिश कारभाऱ्यापुढे एवढा वाकायचा की तलवारीचं टोक मागच्याच्या पोटात जायचं.

चांदीच्या खाणीत वेठीला कोण जाणार, ते तोच ठरवायचा. पास्कुआलाचा नवरा ब्लास गेल्याच वर्षी तिथून खोकला घेऊन परतला होता. पुन्हा गेला तर तिथलाच होणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. यंदाची पाळी मुखियाच्या भाच्याची, ग्रेगोरिओची. पण चौकात नाव पुकारलं ते ब्लासचं.

मुखियाच्या चाकरानं रिवाजाप्रमाणे ब्लासपुढे बोलावण्याचा, चिचेनं भरलेला लाकडी पेला धरला. पास्कुआलानं तो मधेच अडवला.

"ह्याच्या जोडीचा कुठाय?"

"कसली जोडी?" हेरोनिमो म्हणाला.

"अगं बाई! रेशमात पाय घातले की डोकंही गुळगुळीत होतं का रे? तुझा बाप कामाला बोलवायचा तेव्हा दोन पेले आणायचा. समोर मातीत बसून, बरोबरीनं प्यायचा. मग माणूस उठायचा."

"मावशी, उगाच तमाशा नको."

"आता मावशी होय!"

निघायला जमलेली माणसं खदखदली. मग एकेक जण खाली बसला. "मुखियाला ब्लासबरोबर पिऊ दे, नाहीतर पाळीचा माणूस येऊ दे. मग उठतो."

घोड्यावरचा कारभारी वैतागला. "काय हवंय यांना?"

हेरोनिमोनं कानाशी लागून सांगितलं. कारभारी खो खो हसला. "मग बस की मातीत! बघू दे मलाही, तू कसा पितोस ते."

हेरोनिमोचा चेहरा उतरला. "हुजूर, मी... मी फक्त तुमच्यासारखी द्राक्षाची घेतो."

"मामा, प्या ना!" ग्रेगोरिओ रडकुंडीला आला. "दोन घोट तर आहेत!"

मामा मोज्यांवरची धूळ झटकत उभाच राहिला.

"माझा आकडा भरला पाहिजे," कारभाऱ्यानं चाबूक ग्रेगोरिओकडे केला. "हा चांगला धडधाकट दिसतो."

बसलेले उठले. ढोल वाजला, बायकांनी मयताला काढतात तसा गळा काढला.

"रडू नकोस रे पोरा," पास्कुआला म्हणाली, "मामाचे मोजे तरी स्वच्छ राहिले."

हेरोनिमो कारभाऱ्याला मुजरा करायला वाकला, तोवर घोडा वळलाही होता. मुजरा गेला शेपटीला.

घरी जाताना ब्लास वाटभर खोकत होता.

"खोक," त्याचा दंड धरून पास्कुआला म्हणाली, "आता घरी खोक हवा तेवढा."