मैदानावर पाणी मारणारे रामकिसनभाऊ

रामकिसनभाऊ साळव्यांनी स्टेशनापलीकडं दुसरं घर केलंय, ही बातमी मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणी काढली ते मला माहीत नाही. पसरवली मात्र मी, आणि अगदी मन लावून पसरवली. पुरावाही तगडा होता. हा माणूस रोज पहाटे स्कूटरवर पाण्याचे दोन कॅन ठेवून निघायचा आणि शिफ्टच्या आधी रिकामे कॅन घेऊन परत यायचा. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं माणूस उगाच कुणासाठी पाणी वाहील का?

बातमी साफ खोटी होती. एका पहाटे मी त्यांच्या मागोमाग गेलो तेव्हा ते कळलं. रेल्वे पटरीच्या अलीकडं मोकळं मैदान, त्यात रोवलेले दोन खांब, खो-खो खेळायला जमलेल्या बारा पोरी, आणि भाऊ बुडाला भोकं पाडलेल्या डब्यानं धुळीवर पाणी शिंपडतायत. पाण्याला निळसर झाक होती.

"काकासाहेब, लपून काय बघता? या, एक कॅन धरा," ते न बघताच म्हणाले.

"पाणी निळं कसं काय, भाऊ?"

"कंपनीचे शर्ट पांढरे हायत ना. नीळ लागती."

म्हणजे कपडे धुतल्याचं पाणी. मग सगळाच उलगडा झाला. संध्यावहिनी अंगणवाडीत, त्या दमून येतात म्हणून घरातले सगळे कपडे, साड्यांसकट, भाऊ स्वतः धुवायचे. गल्लीतले पुरुष हसायचे, त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा. साबणाचं पाणी संडासाला, पहिल्यांदा खळबळलेलं फरशीला, आणि शेवटचं, बिनसाबणाचं, मैदानाला. घरातला प्यायचा एक तांब्याही त्यांनी मैदानावर कधी ओतला नाही. "ते घरच्यांचं," म्हणायचे. अकरा वर्षं हा क्रम चालला. मला अकरा वर्षांत सकाळचं फिरणं जमलं नाही.

बरं, स्वतःची लेक श्रेया एक दिवसही खेळली नाही. तिला चित्रं काढायची आवड. तर हा गडी दर रविवारी दुपारी तिला क्लासला सोडून बाहेर झाडाखाली दोन तास बसून राहायचा. धाकट्या सम्यकच्या शाळेची एकही पालकसभा चुकवली नाही. मी एकदा छेडलं, "भाऊ, घरात ह्या तिघांचं आणि मैदानात त्या बाराजणींचं, मग तुमचं काय?" ते म्हणाले, "चहा ठेवा ना, तो माझा."

या फेब्रुवारीत भाऊ गेले. तेव्हापासून मला दोन वर्षांपूर्वीचा मे महिना सारखा आठवतो.

जिल्ह्याच्या निवड चाचण्या आमच्या मैदानावर घ्यायच्या का, हे बघायला संघटनेचे निरीक्षक रविवारी सकाळी येणार होते. माती दबलेली हवी, धूळ नको. मैदान नापास झालं तर चाचण्या सिल्लोडला. आणि बारांपैकी सात पोरींच्या घरून आधीच सांगितलेलं, सिल्लोडला पाठवणार नाही. म्हणजे सातजणींचा खेळ तिथंच संपला.

नेमकी त्याच सुमारास पाण्याची लाईन फुटली. बारा दिवस नळ कोरडा. जो तो टँकरचं पाणी पुरवून वापरत होता. साळव्यांच्या घरी कपडे धुणंच बंद, मग मैदानाला कुठलं पाणी? माती पिठासारखी उडायला लागली.

शनिवारी भाऊ बादली घेऊन दारोदार फिरले. "कपडे धुतले तर शेवटचं पाणी फेकू नका. साबणाचं नको, त्यानं माती निसरडी होती."

सरूबाईंनी दारातूनच विचारलं, "कुणाच्या घरी न्यायलाय रं एवढं?" आणि गालात हसल्या.

मी मागंच उभा होतो. म्हटलं, "मावशी, दुसरं घर-बिर काही नाय. ते मीच बोललो होतो."

"तुझ्या तोंडाला टाळं लाव," मावशी म्हणाल्या आणि घरातून बादली घेऊन आल्या.

रविवारी उजाडता उजाडता अख्खी गल्ली मैदानात. बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे. मलाही चेव आला. आमच्या मोरीतलं टपच उचललं आणि मोठ्या रुबाबात खांबापाशी रिकामं केलं. दोन मिनिटांत तिथं फेस आला. हो, साबणाचं पाणी. संस्कृती नावाची पोरगी खांबाला वळसा घालायला गेली आणि धपकन बसली. खो-खोत सगळी मदार खांबाजवळच्या वळणावर. तिथंच मी निसरडं केलं. निरीक्षक यायला अर्धा तास.

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी फावडं घेतलं आणि दोन बोटं माती खरवडून काढायला लागले. मी पाटीनं कोरडी माती आणून टाकली. पण ती दबायला पाणी हवं, आणि सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या.

तेवढ्यात संध्यावहिनी आणि श्रेया एक कॅन दोन्हीकडून धरून आल्या. घरातलं शेवटचं, प्यायचं.

भाऊ आडवे आले. "हे नाय. हे घरचं हाय."

"सरका तिकडं," वहिनी म्हणाल्या. "आज सैपाक नाय. चुरमुरे खायचे."

भाऊ सरकले. मी त्या माणसाला कंपनीच्या मॅनेजरशी, नगरसेवकाशी ताठ उभं राहून बोलताना पाहिलंय. त्या दिवशी ते मान खाली घालून गुडघ्यावर बसले आणि बायको पाणी ओतेल तशी तळहातानं माती दाबत गेले.

निरीक्षक आले. खांबाजवळ टाच दाबून, फिरवून पाहिली. संस्कृतीला पळायला लावलं. ती वळली, पाय घट्ट राहिला. साहेबांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "चालेल. चाचण्या इथंच."

पोरी नाचायला लागल्या. साहेब जाता जाता थांबले. भाऊंचे मातीचे हात बघून त्यांनी सरळच विचारलं, "साळवे, नऊ वर्षं करताय. तुमची एक तरी मुलगी राज्याच्या संघात गेली का? मग मिळवलं काय?"

भाऊ हात झटकत उठले आणि म्हणाले, "साहेब, माझी माय केसरबाई सत्तर वर्षं जगली, पण एस्टीच्या मागं पळली असंल तेवढंच, एरवी कधी पळली नाय. ह्या रोज पळत्यात."